हवेचा हिशोब

आहात तिथेच बसा. हे सावकाश वाचायचं आहे. मध्ये कुठे थांबावंसं वाटलं तर खुशाल थांबा, घाई कसलीच नाही.

आधी खोलीतल्या हवेकडे लक्ष द्या. दिसत नाही म्हणून आपण तिला जमेतच धरत नाही. पण खोली दहा बाय बारा फुटांची आणि दहा फूट उंच असेल, तर तिच्यातल्या हवेचं वजन चाळीसेक किलो भरतं. आणि जमिनीपासून वातावरणाच्या टोकापर्यंत एकावर एक रचलेल्या हवेचा भार दर चौरस मीटरला दहा हजार किलोंच्या वर जातो. तुम्ही ह्या क्षणी त्या भाराखाली बसला आहात. तो जाणवत नाही, कारण तो सगळ्या बाजूंनी सारखा आहे.

आता तेजस हे लढाऊ विमान मनासमोर आणा. लहानसं, शेपटीकडे आडवे पंख नसलेलं, त्रिकोणी पंखांचं. पूर्ण भरलेल्या विमानाचं वजन साडेतेरा हजार किलो आणि पंखांचं क्षेत्रफळ ३८ चौरस मीटरांच्या किंचित वर. भागाकार केला की दर चौरस मीटरच्या वाट्याला साडेतीनशे किलो येतात. म्हणजे समुद्रसपाटीजवळ पंखाखालचा दाब वरच्या दाबापेक्षा सरासरी साडेतीन टक्क्यांनी जास्त असला, की एवढं धूड हवेत टिकून राहतं. बाकी सगळा दाब वरून-खालून एकमेकांना कापून टाकतो.

ह्या साडेतीन टक्क्यांपाशी जरा रेंगाळू. कागदावर दाबाचा हिशोब करताना सगळ्या पंखाखाली एका टक्क्याची चूक झाली, तर उचलीच्या आकड्यात जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याची चूक होते. विमानाचा आराखडा करणाऱ्या माणसाची झोप कशाने उडत असेल, ते इथे कळतं. त्याला फार मोठ्या दोन संख्यांमधला फार छोटा फरक अचूक हवा असतो. आणि विमान अजून बांधलेलं नसतं.

हा दाब ठरतो कसा? हवा तीनच गोष्टी पाळते. वस्तुमान हरवत नाही, संवेगाचा हिशोब जुळावा लागतो, ऊर्जेचाही जुळावा लागतो. क्लोद-लुई नाविए यांनी १८२२ मध्ये आणि जॉर्ज स्टोक्स यांनी १८४५ मध्ये हे समीकरणांत मांडलं. ती समीकरणं जेमतेम चार-पाच ओळींत मावतात. विमानाच्या आकाराभोवती ती कागद-पेन्सिलीने सोडवता येत नाहीत. त्रिमितीत त्यांचं उत्तर सदैव सुरळीतच राहतं का, एवढं सिद्ध करण्यासाठी क्ले गणित संस्थेने २००० साली दहा लाख डॉलर ठेवले. ते अजून कुणी घेतलेले नाहीत.

मग माणसाने दुसरी वाट काढली. विमानाभोवतीचा सगळा अवकाश लहान लहान कप्प्यांत वाटायचा. ह्या जाळीला अभियंते मेश म्हणतात. किराणा दुकानदार रात्री दुकान बंद करताना वही मिळवतो, तशी प्रत्येक कप्प्याची वही मिळवायची: ह्या बाजूने किती हवा आली, त्या बाजूने किती गेली, आत काय शिल्लक राहिलं. एका कप्प्यातून गेलेलं शेजारच्या कप्प्यात जमा झालंच पाहिजे. सगळ्या वह्या एकमेकींशी जुळेपर्यंत फेऱ्या मारत राहायचं. संगणकावरच्या प्रवाहगणिताचा, म्हणजे सीएफडीचा, गाभा एवढाच आहे.

डोळे मिटून असा एक कप्पा धरून बघा. सहा भिंती, आत थोडी हवा. आता त्याच्या शेजारी दुसरा, वर तिसरा, आणि असे काही कोटी. त्यांतल्या एकालाही विमान म्हणजे काय ते ठाऊक नाही. प्रत्येकाला फक्त शेजारी ठाऊक आहेत.

ह्या विचाराच्या उगमापाशी ज्याच्याविषयी मला फार आदर आहे असा एक माणूस उभा आहे. लुईस फ्राय रिचर्डसन, जन्म १८८१, इंग्लंडमधल्या क्वेकर कुटुंबातला. क्वेकर पंथाचे लोक शस्त्र हाती धरत नाहीत. १९११ मध्ये छापलेल्या एका निबंधात त्याने दगडी धरणाच्या भिंतीतले ताण असेच चौकटी पाडून काढले होते. आकडेमोडीला मुलं लावली होती आणि मजुरी कामावर होती, दर चौकटीमागे, आकडे जितके जास्त तितकी जास्त. सगळ्यांत चपळ मुलांपैकी एक जण आठवड्याला दोन हजार क्रिया उरकायचा. चुकलेल्या क्रिया त्यात धरलेल्या नाहीत, हेही रिचर्डसनने निबंधात नोंदवून ठेवलं आहे. ही नोंद मला फार मोलाची वाटते.

पहिल्या महायुद्धात तो लढायला गेला नाही. फ्रान्समध्ये जखमींची गाडी चालवायला गेला. तिथे, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, त्याने हवामानाचं गणित मांडलं: २० मे १९१० ह्या दिवशीच्या मध्य युरोपच्या नोंदी घ्यायच्या आणि पुढच्या सहा तासांत हवेचा दाब किती बदलला असता ते हाताने काढायचं. १९१७ च्या लढाईच्या धामधुमीत हस्तलिखित हरवलं आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं. उत्तर आलं १४५ मिलिबार. खऱ्या हवेत त्या दिवशी दाब जवळपास हललाच नव्हता.

एवढी मोठी चूक. त्याने ती झाकली नाही. १९२२ च्या आपल्या पुस्तकात पायरीपायरीने छापली, म्हणूनच पुढे तपासणाऱ्यांना कळलं की पद्धत मोडकी नव्हती, सुरुवातीच्या नोंदींमध्येच दाब आणि वारा एकमेकांशी जुळत नव्हते. त्याच पुस्तकात त्याने एक स्वप्नही लिहिलं आहे. एक प्रचंड गोल प्रेक्षागृह, भिंतींवर पृथ्वीचा नकाशा, आणि चौसष्ट हजार माणसं आपापल्या तुकड्याचं गणित करत बसलेली. मधल्या खांबावर एक माणूस. जो भाग पुढे पळतो त्याच्यावर तो गुलाबी प्रकाश टाकतो, मागे पडलेल्यावर निळा. आज हजारो प्रोसेसर एकाच विमानाभोवतीची हवा वाटून घेतात, तेव्हा एकमेकांसाठी असेच थांबतात.

१९२० मध्ये ब्रिटनचं हवामान खातं हवाई मंत्रालयाच्या हाताखाली गेलं. रिचर्डसनने तिथली नोकरी सोडली. पुढे त्याच्या वातावरणावरच्या संशोधनात सगळ्यांत जास्त रस विषारी वायूवाल्यांना आहे असं ध्यानात आल्यावर त्याने न छापलेलं काम नष्ट केलं, असं त्याच्या पत्नीने सांगून ठेवलं आहे.

ह्या गोष्टीवर लगेच मत बनवू नका. ती तशीच मनात राहू द्या, तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

आता विमानाच्या अगदी जवळ जाऊ, पृष्ठभागाला गाल लावण्याइतकं. विमान सेकंदाला अडीचशे मीटर जात आहे. पृष्ठभागाला अगदी लागून असलेली हवा किती वेगाने मागे सरकते आहे? अजिबात सरकत नाही. ती विमानाला चिकटून विमानाबरोबरच प्रवास करते. तिच्यावरचा थर किंचित घसरतो, त्याच्यावरचा आणखी थोडा, आणि असं करत करत सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या जाडीत वेग शून्यापासून पूर्ण अडीचशेपर्यंत चढतो. घर्षण सगळं ह्या पातळ सीमास्तरात आहे. प्रवाह पंखाला धरून राहणार की सुटणार, हेही इथेच ठरतं.

म्हणून जाळीचा पहिला कप्पा इथे दोन-तीन मायक्रॉन जाडीचा ठेवावा लागतो, मिलिमीटरचा साधारण चारशेवा भाग. विमानापासून दूर मोकळ्या हवेत तोच कप्पा मीटरभराचा चालतो. एकाच जाळीत काही लाख पटींचा फरक. नवखा माणूस पडद्यावरची रंगीत चित्रं बघतो. ह्या कामात मुरलेला माणूस आधी जाळी उघडतो आणि भिंतीलगतचे थर मोजतो. मला तोच क्रम योग्य वाटतो.

आणि तरीही कप्प्याहून लहान असं काही उरतंच. सीमास्तरातली हवा बहुतेक जागी खळबळलेली असते, मोठ्या भोवऱ्यात लहान, लहानात आणखी लहान. लढाऊ विमानाभोवतीचा शेवटचा भोवरासुद्धा जाळीत पकडायचा म्हटलं, तर ढोबळ हिशोबाने एकावर सोळा-अठरा शून्यं इतके कप्पे लागतील. हातात असतात काही कोटी. मग ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८९५ मध्ये दाखवलेल्या वाटेने सरासरी घ्यायची आणि निसटलेल्या भोवऱ्यांच्या जागी एक अंदाजी सूत्र बसवायचं. विमानांच्या कामात सर्रास वापरलं जाणारं असं एक सूत्र स्पालार्ट आणि ऑलमारस यांनी १९९२ मध्ये दिलं. त्यातले स्थिरांक प्रयोगांशी ताडून बसवलेले आहेत. ज्या तऱ्हेच्या प्रवाहावर ते ताडले, तसा प्रवाह असेल तर ते चोख काम देतात. पंखावरचा प्रवाह जिथे फाटतो तिथे त्यांचा भरवसा कमी होतो, आणि लढाऊ विमानाला नेमकं तिथेच उडायचं असतं.

चुकेल हे गृहीत धरूनच ह्या शास्त्रातला माणूस काम करतो, आणि त्याचं एक निखळ रूप आपल्या पुण्याच्या माणसाने घडवलं आहे. सुहास पाटणकर, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे १९६२ चे पदवीधर, मग आयआयटी मुंबई, मग लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ब्रायन स्पाल्डिंग यांच्याकडे पीएचडी. दोघांनी मिळून १९७२ मध्ये जी रीत मांडली ती जगभर सिम्पल ह्या नावाने चालते. दाब ठाऊक नाही? धरून चाला. त्या दाबाने वेग काढा. कप्प्यात आलेली हवा आणि गेलेली हवा जुळते का बघा. जुळणार नाहीच. जेवढं जुळलं नाही त्यावरून दाब दुरुस्त करा, आणि पुन्हा पहिल्यापासून. ही रीत मुख्यतः मंद प्रवाहांसाठी आणि उष्णतेच्या गणितासाठी. ध्वनीच्या वेगाच्या आसपास पंखावर काय होतं त्याला दुसऱ्या रीती लागतात. पण धरा, तपासा, सुधारा, परत या, हा फेरा दोन्हीकडे आहे.

उत्तर आलं की ते खरं का, हे कसं ठरवायचं? तेच विमान तीन जाळ्यांवर चालवतात, जाड, मध्यम, बारीक. बारीक करत जाताना उचलीचा आकडा सरकतो, मग कमी सरकतो. त्या सरकण्यावरून, कप्पा शून्याइतका लहान असता तर आकडा कुठे थांबला असता, त्याचा अदमास काढतात. ह्या रीतीला रिचर्डसनचंच नाव आहे, आणि तिचं मूळ त्या धरणाच्या निबंधात सापडतं. हवाई मंत्रालयाची नोकरी नाकारणाऱ्या माणसाचं नाव आज लढाऊ विमानांच्या कामात रोज घेतलं जातं.

आपल्याकडची एक हकिगत इथेच आठवते. १९८० च्या दशकात भारताने अमेरिकेकडून क्रे संगणक घेतला तो हवामानाच्या अंदाजासाठी, आणि दुसऱ्या कामाला लावायचा नाही ह्या अटीवर. विमानाची हवा त्यावर मोजता येणार नव्हती. त्याच दशकात, १९८६ मध्ये, बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत रोद्दम नरसिंह संचालक असताना तिथल्या लोकांनी अनेक प्रोसेसर जोडून फ्लोसॉल्व्हर नावाचं यंत्र स्वतः उभं केलं, प्रवाहगणितासाठीच. पुढे १९९० च्या दशकात त्याच्या सुधारित आवृत्तीवर हवामानाचं प्रारूपही चालवलं गेलं. पंख आणि पाऊस ह्यांच्यात अट घालणाऱ्याने भिंत बांधली होती. समीकरणांत ती नव्हती.

आता चला गोव्याला, दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर. तिथे किनाऱ्यावरच विमानवाहू जहाजाच्या डेकची प्रतिकृती बांधलेली आहे, पुढच्या टोकाला वर वळलेला उतार. २० डिसेंबर २०१४ ला तेजसचं नौदल रूप ह्या उतारावरून पहिल्यांदा उडालं. चालवत होते कमोडोर जयदीप मावळणकर.

ह्या उड्डाणाचा एकच क्षण समोर धरा. चाकं उताराचं टोक सोडतात, तेव्हा विमान नेहमीच्या उड्डाणाला लागणाऱ्या वेगाला अजून पोचलेलं नसतं. नाक वर आहे, वेग कमी आहे, खाली आधार नाही. पुढचे काही सेकंद विमान जवळजवळ फेकलेल्या वस्तूसारखं जातं आणि तेवढ्यात वेग कमावतं. त्रिकोणी पंख अशा वेळी वेगळ्या तऱ्हेने उचल देतो. पंखाच्या धारदार पुढच्या कडेवरून हवा सुटते, गुंडाळली जाते, आणि पंखाच्या पाठीवर लांबट भोवरा तयार होतो. भोवऱ्याच्या गाभ्यात दाब खूप उतरतो, त्यातून ओढ मिळते. नौदलाच्या तेजसमध्ये पंखाच्या मुळाशी, पुढच्या कडेला, हलवता येणारे छोटे पृष्ठभाग आहेत. लेव्हकॉन म्हणतात त्यांना. हा भोवरा हवा तसा राखायचा आणि जहाजावर उतरताना वेग कमी ठेवू द्यायचा, हे त्यांचं काम.

भोवरा जपणं सोपं नाही. नाक जास्त उचललं की तो मध्येच फुटतो. कुठे फुटतो ह्यावर बरंच अवलंबून असतं. जाळी जाड असेल तर गणितातला भोवरा खऱ्यापेक्षा लवकर विरतो, आणि पडद्यासमोर बसलेल्या माणसाला वाटतं की हवाच तशी आहे. म्हणून गणित विंड टनेलमधल्या प्रयोगाशी ताडायचं, आणि दोन्ही उड्डाणाशी. ११ जानेवारी २०२० ला मावळणकरांनी हे विमान विक्रमादित्य ह्या विमानवाहू जहाजाच्या डेकवर उतरवलं, जहाजाच्या मनोऱ्यामागे ढवळलेल्या हवेतून येऊन, आडवी तार पकडून, साधारण शंभर मीटरांत. नौदलाने ते विमान पुढे ताफ्यात घेतलं नाही. पण त्या उतरण्यात मोजलेला प्रत्येक आकडा पुढच्या आराखड्याच्या कामी येतो, म्हणून ती मेहनत मी वाया गेलेली मानत नाही.

आणि ताडूनही निसटतं ते निसटतंच. अमेरिकी नौदलाचं सुपर हॉर्नेट हे लढाऊ विमान १९९६ च्या चाचण्यांमध्ये ऐन वळणात अचानक एका बाजूला कलायला लागलं. दोन्ही पंख सारखे, वैमानिकाने काही केलेलं नाही, तरी एकाच पंखावरचा प्रवाह क्षणात फाटायचा. आधीच्या गणितांनी आणि टनेलने हे सांगितलं नव्हतं. पंख जिथे दुमडतो तिथे सच्छिद्र आवरण बसवून उपाय झाला, आणि कारणाचा नीट माग पुढच्या काही वर्षांच्या अभ्यासात लागला. वैमानिक सुखरूप उतरला, ही हकिगत त्यामुळेच शांतपणे वाचता येते.

आता जाळीच्या दुसऱ्या टोकाला या. कप्प्याहून लहान काय निसटतं ते पाहिलं. जाळीच्या कडेपलीकडे काय राहतं तेही बघू.

लढाऊ विमानाच्या प्रवाहगणितातला एक भाग पंखाखालून सुटणाऱ्या बॉम्बवर आणि इंधनाच्या टाक्यांवर खर्च होतो. वेगवान प्रवाहात सुटलेली वस्तू सरळ खाली पडेलच असं नसतं. ती गिरकी घेऊन वर येऊ शकते आणि आपल्याच विमानावर आदळू शकते. असं घडलेलं आहे. म्हणून बॉम्बभोवती वेगळी जाळी बांधतात, ती विमानाच्या जाळीत सरकवत नेतात, आणि पहिल्या सेकंदाभरातला त्याचा मार्ग काढतात. बॉम्ब काही मीटर दूर गेला, विमानाला धोका उरला नाही, की गणित थांबतं. वैमानिक सुखरूप आहे. हे काम निष्ठेने करणारी माणसं एका जिवाची काळजी वाहत असतात, आणि ती काळजी खरी आहे. बॉम्ब त्यानंतरही पडतच असतो, पण जाळी तिथे संपलेली असते.

इथे थांबा. कुणाला दोष द्यायचा नाही, कुणाचं समर्थनही करायचं नाही. जाळी कुठे संपते, तेवढं बघायचं.

रिचर्डसन त्या कडेपलीकडे गेला. हवामान सोडल्यावर त्याने १८२० नंतरची युद्धं आणि हत्या मोजायला घेतल्या. मृतांच्या संख्येचा लॉगॅरिदम घेऊन त्याने प्रत्येक भांडणाला प्रत दिली. एका माणसाचा खून शून्य प्रतीचा, दोन्ही महायुद्धं सातच्या आसपास, सगळं एकाच मापपट्टीवर. तो १९५३ मध्ये वारला आणि ह्या मोजणीचा ग्रंथ १९६० मध्ये छापून निघाला.

त्या शोधात त्याला एक प्रश्न पडला होता. दोन देशांची सरहद्द जितकी लांब तितकी त्यांची भांडणं जास्त, असं असेल का? त्याने लांबीचे आकडे जमवले, तर ते जुळेनात. एकाच सरहद्दीची लांबी स्पेन ९८७ किलोमीटर सांगत होता आणि पोर्तुगाल १२१४. मग त्याने नकाशावर कंपासाचं अंतर कमी कमी करत स्वतः मोजून पाहिलं. धरणाच्या भिंतीत चौकट लहान केली की उत्तर स्थिरावायचं. सरहद्दीचं तसं झालं नाही. माप जितकं बारीक घेतलं, तितकी ती लांबत गेली.